तोट्याला आधी बांध घाला

वाचकहो, हा लेख एकट्याने वाचू नका. रात्री जेवणे उरकली, भांडी घासून झाली की घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. विषय शेअरचा आहे, पण धडा साऱ्या घराचा आहे.

आधी एक घर डोळ्यांसमोर आणा. पाच एकर जमीन, एक विहीर, दोन म्हशी. मुलगा शिकून परत आलेला, वडिलांबरोबर शेती पाहतो. माघात रांगडा कांदा विकला, देणी भागवली आणि ६०,००० रुपये हाती राहिले. हे पैसे कशाचे? खरिपाच्या बी-खताचे. मृगाचा पाऊस पडला की लागणारे.

मुलाने विचार केला, चार महिने पैसे नुसते पडून राहणार. त्याच्या मोबाइलवर डिमॅट खाते होतेच. एका कंपनीचा शेअर २०० रुपयांवर होता आणि वर जाण्याच्या बेतात दिसत होता. त्याने ३०० शेअर घेतले. बेत असा की, आठ-पंधरा दिवसांत भाव २२० झाला की विकायचे. ६,००० रुपये सुटतील, आईला शिलाई मशीन घेऊ. काही दिवस किंवा काही आठवडे शेअर धरून भावाच्या एका हेलकाव्यात नफा काढायचा, या प्रकाराला स्विंग ट्रेडिंग म्हणतात.

भाव १९० वर आला. मुलगा म्हणाला, "येईल वर." १७५ झाला. "आता इतक्या खाली कशाला विकू?" १५० झाला. मग त्याने मोबाइलवर भाव पाहणेच सोडून दिले. घरात कुणाला सांगितले नाही. वडील विचारीत, "पैसे आहेत ना रे बँकेत?" तो मान हलवी. जून आला, पाऊस झाला, बियाण्याच्या दुकानी जायची वेळ आली. त्या दिवशी भाव ११८ होता. ६०,००० चे ३५,४०० झाले. २४,६०० रुपये गेले, आणि त्यांच्याबरोबर बापलेकांमधला विश्वासही गेला.

सौदा चुकला कुठे?

तुम्ही म्हणाल, मुलाने शेअर घेतला हीच चूक. तसे म्हणून विषय संपत नाही. आज गावोगावी हातात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये शेअर बाजार आहे. मुले जाणार आहेतच. तेव्हा नेमकी चूक कुठली, ते शोधले पाहिजे.

शेअर पडला ही चूक नव्हे. कितीही अभ्यास करा, दहांपैकी पाच-सहा सौदे चुकीचे निघू शकतात. मुलाच्या चुका तीन. पहिली, ज्या पैशाला तारीख ठरलेली होती तो पैसा त्याने सौद्यात घातला. दुसरी, सगळा पैसा एकाच शेअरमध्ये घातला. तिसरी आणि सर्वांत मोठी, आपण चुकलो हे कुठल्या भावाला कबूल करायचे ते त्याने घेण्याआधी ठरवले नाही. म्हणून आठ दिवसांचा सौदा चार महिन्यांचा झाला. जो आठ दिवसांसाठी घेतला होता तो शेअर त्याने चार महिने का धरला? कंपनी चांगली वाटली म्हणून नव्हे, तोटा मान्य करवेना म्हणून.

आपण शेतकरी ही गोष्ट शेतात बरोबर करतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो. सलग तीन दिवस सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग दिसले की उपाय करायचा, असे शास्त्रज्ञांनी सांगून ठेवले आहे. ही आर्थिक नुकसानीची पातळी. ती हंगामाच्या आधी ठरलेली असते. त्या दिवशी मनाला काय वाटते, याचा तिथे प्रश्न येत नाही. मग पैशाच्या सौद्यात तशी पातळी का नको?

स्टॉपलॉस म्हणजे काय?

त्या पातळीलाच बाजारात स्टॉपलॉस म्हणतात. तोट्याची हद्द. २०० ला घेतलेला शेअर १९० ला आला तर विकून टाकायचा, असे आधी ठरवायचे आणि दलालाच्या यंत्रणेत तशी सूचना नोंदवून ठेवायची. भाव १९० ला टेकला की सूचना जागी होते आणि विक्री होते. आपल्या मुलाने एवढे केले असते तर ३०० शेअरवर ३,००० रुपये गेले असते. ५७,००० शिल्लक राहिले असते. बी-खत झाले असते.

तोट्याचा हिशेब कसा उलटतो तेही पाहा. शंभरातले दहा गेले तर उरलेल्या नव्वदांवर अकरा टक्के मिळवले की भरपाई होते. पण पन्नास गेले तर उरलेल्या पन्नासांवर शंभर टक्के मिळवावे लागतात. आपल्या मुलाला ३५,४०० चे पुन्हा ६०,००० करायला जवळजवळ सत्तर टक्के नफा हवा. लहान भगदाड एका पाटीने बुजते, बांध वाहून गेल्यावर ट्रॅक्टर लागतो.

शेतकऱ्याला स्टॉपलॉसची गरज शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे. बाजार चालतो सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. हीच आपली शेतातली वेळ. कुणी फवारणी करतो आहे, कुणी पाणी धरतो आहे, मोबाइलला रेंज नाही, चार्जिंग नाही. भाव पडेल तेव्हा तुम्ही बांधावर असाल. सूचना आधी नोंदवलेली असेल तर ती तुमच्या मोबाइलवर अवलंबून राहत नाही.

सूचना नोंदवताना

साधी स्टॉपलॉस सूचना त्या एका दिवसापुरती असते. बाजार बंद झाला की ती संपते, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावी लागते. पुष्कळ दलालांकडे जीटीटी नावाची सोय असते, तिच्यात सूचना बरेच दिवस टिकते. आपली किती दिवस टिकते ते दलालाला विचारून घ्या.

सूचनेत दोन आकडे असू शकतात. एक ट्रिगर, म्हणजे सूचना जागी होण्याचा भाव. दुसरा लिमिट, म्हणजे याच्या खाली विकू नको असा भाव. ट्रिगर १९० आणि लिमिट १८९ ठेवली, आणि बाजार एकदम १८० लाच उघडला, तर १८९ ला घेणारा मिळणार नाही आणि शेअर तुमच्याकडेच राहील. म्हणून दोन आकड्यांत थोडी जागा सोडा, आणि विक्री झाली की नाही हे संध्याकाळी पाहा.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. डिमॅटमधले शेअर विकायला तुमची परवानगी लागते. ती आधी देऊन ठेवलेली नसेल तर ऐन वेळी सूचना नाकारली जाते. कायमच्या परवानगीसाठी डीडीपीआय नावाचा कागद असतो. तो भरला आहे का, हे आजच विचारा. कुंपण घातले आणि फाटक उघडे राहिले, असे होऊ नये.

हद्द कुठे आखावी?

बैलाला दावे बांधतो तेव्हा ते फार आखूड असले तर बैल चरू शकत नाही आणि फार लांब असले तर शेजाऱ्याच्या पिकात जातो. हद्दीचेही तसेच. जो शेअर रोज चार-पाच रुपये खाली-वर होतो त्याला दोन रुपयांची हद्द लावली तर तो सहज हलण्यातही तुम्हाला बाहेर काढील. साधारण रीत अशी की, अलीकडे भाव खाली येऊन जिथून परत वर वळला त्या पातळीच्या थोडे खाली हद्द ठेवावी. ती पातळी तुटली म्हणजे आपण ज्या कारणाने घेतले ते कारणच उरले नाही.

आता पुढची पायरी. हद्द आधी, शेअरची संख्या नंतर. आपण उलट करतो. एका सौद्यात एकूण भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त गमवायचे नाही, असा नेम धरा. ६०,००० चा एक टक्का ६०० रुपये. २०० ला घेणार आणि १९० ला हद्द, म्हणजे शेअरमागे १० रुपयांचा धोका. ६०० ला १० ने भागा. ६० शेअर घ्यायचे, १२,००० रुपयांचे. हद्द १८० वर असेल तर धोका २० रुपयांचा, मग ३० च शेअर. असे दहा सौदे लागोपाठ चुकले तरी ५४,००० हाताशी राहतात.

एक मोडलेला नेम काय करतो?

दहा सौदे केले असे धरा. सहा चुकले, प्रत्येकी ६०० गेले, झाले ३,६००. चार बरोबर आले, प्रत्येकी १,२०० मिळाले, झाले ४,८००. खर्च आणि कर सोडून १,२०० हाती. सहा चुकूनही माणूस तरला.

आता त्या सहांपैकी पाचांत नेम पाळला आणि एकात म्हटले, "हा शेअर नक्की वर येणार." ते ६० शेअर २०० वरून ११८ पर्यंत धरले. त्या एकातच ४,९२० गेले. बाकी पाचांचे ३,०००. एकूण ७,९२०. चारही नफे खाऊन वर ३,१२० चा तोटा. नऊ वेळा पाळलेली शिस्त एका वेळेने धुऊन नेली.

म्हणून चार गोष्टी पक्क्या धरा. हद्द खाली सरकवायची नाही. भाव वर गेला तर हद्द त्याच्यामागे वर न्यावी, पण खाली कधीच नाही. पडत्या शेअरमध्ये आणखी पैसे घालून सरासरी खाली आणायची नाही, वठलेल्या झाडाला पाणी घालून पालवी फुटत नाही. ठरलेल्या मुदतीत, समजा तीन आठवड्यांत, शेअर हलला नाही तर विकून मोकळे व्हावे. आणि हद्दीला विक्री झाल्यावर त्याच दिवशी रागाने दुसरा सौदा करू नये.

कधी असेही होईल की, तुमचा शेअर १९० ला विकला जाईल आणि आठवड्यात २१५ होईल. चिडचिड होईल. होऊ द्या. पीकविम्याचा हप्ता भरला आणि गारपीट झाली नाही, म्हणून कुणी हप्ता फुकट गेला म्हणून रडत बसत नाही.

येस बँकेच्या शेअरची गोष्ट

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर घडलेली गोष्ट सांगतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये येस बँकेचा शेअर ४०० च्या आसपास होता. समजा कुणी ३९० ला २०० शेअर घेतले. ७८,००० रुपये गेले. हद्द ठेवली ३६० ला. सप्टेंबरच्या मध्यापूर्वीच भाव त्याखाली आला होता. त्या माणसाचे ६,००० च्या आसपास गेले असते आणि तो मोकळा झाला असता.

ज्याने हद्द ठेवली नाही त्याने पुढे काय पाहिले? सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेच्या प्रमुखांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवली. २१ सप्टेंबरला एका दिवसात भाव सुमारे तीस टक्के कोसळला. पुष्कळांनी स्वस्त मिळाला म्हणून आणखी घेतला. २०१९ च्या जुलैत तो शंभराच्या खाली गेला. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना ५०,००० रुपयांपर्यंतच पैसे काढता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी शेअर १६ रुपयांच्या आसपास बंद झाला. ७८,००० चे राहिले सव्वातीन हजारांच्या आसपास.

पुढे बँक सावरली, ठेवीदारांचे पैसे सुखरूप राहिले. पण सावरण्याच्या योजनेत शंभर किंवा जास्त शेअर असलेल्यांचे तीन-चतुर्थांश शेअर तीन वर्षे अडकवून ठेवले गेले. आपल्या २०० शेअरवाल्याचे १५० अडकले. म्हणजे ज्याने वेळेवर विकले नाही त्याच्याकडे विकायचा पर्यायही उरला नाही. त्यानंतरच्या पाच वर्षांत तो भाव शंभरालाही शिवला नाही. "कधीतरी परत येईलच" असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्टॉपलॉसलाही मर्यादा आहेत

स्टॉपलॉस म्हणजे देवाचा अंगारा नव्हे. रात्रीतून वाईट बातमी आली तर सकाळी भाव तुमची हद्द ओलांडूनच उघडतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीच्या हिशेबातली लबाडी उघड झाली आणि आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० च्या आसपास बंद झाला. अशा दिवशी हद्द कामी येत नाही. तिथे वाचवतो तो दुसरा नेम, एका शेअरमध्ये थोडाच पैसा.

पुष्कळ लहान शेअरना दिवसाच्या चढउताराची मर्यादा असते, २, ५, १० किंवा २० टक्क्यांची. शेअर खालच्या मर्यादेला अडकला की घेणाराच नसतो. तुमची विक्रीची सूचना रांगेत पडून राहते. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांवर "उद्या डबल होणार" म्हणून ज्यांचा गवगवा होतो ते बहुधा असेच शेअर असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि आकडेही ऐका. सेबी ही बाजारावर देखरेख करणारी सरकारने नेमलेली संस्था. जुलै २०२४ मध्ये तिने सांगितले की, २०२२-२३ साली त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की, फ्युचर आणि ऑप्शनच्या सौद्यांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरांतल्या ९३ व्यक्तींनी पैसे गमावले, आणि खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख होता. स्विंग ट्रेडिंग हे त्यांचे भावंड आहे, अगदी तेच नव्हे. पण वाट त्याच गल्लीतून जाते. शिवाय वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्याला २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कराचा दर आहे. शेतीच्या उत्पन्नाची सवलत त्याला मिळत नाही.

घरातल्या पोत्यांनाही हाच नियम

ज्यांच्या घरी शेअर नाहीत त्यांनी लेख मिटू नये. सोयाबीन आठवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत ते क्विंटलला १०,००० च्या वर गेले आणि नवा माल येताच निम्म्यावर आले. ज्यांनी धीर धरून पोती ठेवली त्यांना २०२२ मध्ये ७,००० च्या आसपास भाव मिळाला. तोच धडा धरून पुढच्या हंगामातही अनेकांनी ठेवले. २०२३ मध्ये भाव ५,००० च्या खाली उतरले. २०२४ च्या हंगामात तर कित्येक बाजारांत ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली सौदे झाले.

यात शिकण्यासारखे हे की, एकदा थांबून फायदा झाला म्हणजे थांबणे नेहमी बरोबर, असे नव्हे. शेअरमध्येही तेच. एकदा हद्द मोडली आणि भाव परत वर आला, की माणसाला वाटते हद्दीची गरजच नाही. त्या एका फायद्याने लावलेली सवय पुढे घर बुडवते. तेव्हा माल साठवतानाही कागदावर लिहा: अमुक भाव आला तर विकीन, अमुक भावाच्या खाली गेला तर निम्मा तरी विकीन, आणि अमुक तारखेनंतर काहीही असो, ठेवणार नाही.

वही आणि दुसरा माणूस

शेवटी एकच सांगणे. एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक सौद्याआधी पाच ओळी लिहा: काय घेतले, कितीला, का, हद्द कुठली, मुदत किती. मग ती वही घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. बायकोला, आईला, भावाला, कुणालाही. त्या माणसाला शेअरमधले काही कळण्याची गरज नाही. त्याने दर रविवारी एवढेच विचारायचे, "हद्द पाळली का?"

आयाबहिणींनो, हे काम तुमच्याकडे घ्या. डब्यात डाळ किती उरली हे तुम्हाला झाकण न काढता कळते. बचत गटाचा हिशेब तुम्ही पै-पैशाने ठेवता. मुलगा किंवा नवरा वही दाखवायला टाळाटाळ करू लागला, की समजा कुठेतरी हद्द मोडली आहे. त्या वेळी रागावू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "किती गेले ते सांग, अजून किती वाचवता येतील ते बघू." पहिल्या वाटेच्या घरात हे वाक्य कुणी वेळेवर म्हटले असते तर २४,६०० च्या जागी ३,००० वर भागले असते.

आणि बी-खताचा पैसा, पीककर्जाचा पैसा, मुलीच्या फीचा पैसा, दवाखान्याचा पैसा या वहीत कधीच येऊ देऊ नका. त्याला तारीख असते. बाजाराला तुमची तारीख ठाऊक नसते.